कापसाला सोडलेली जागा

ऑक्टोबर आला की ग्रीस पातळ होतं. बाकीच्यांना या महिन्याची वर्दी घामोळ्यांवरून मिळते, मला बंदुकीच्या आवाजावरून. गणपतीत जी गुपचूप चालत होती तीच बंदूक दसरा उलटला की कुई करायला लागते. पंखा लावायची सोय नाही, कारण त्याच्या वाऱ्याने चाकांच्या दांड्यांवर घालायच्या बारीक चकत्या उडून जातात. खिडकी उघडावी तर खालच्या गल्लीतल्या चिवड्याच्या भट्ट्यांचा तेलकट धूर थेट टेबलावर येतो. मग मी दार लोटून घेते, ओढणी कमरेला घट्ट बांधते आणि घाम पुसत बसते. आणि दरवर्षी मन त्याच एका ऑक्टोबरपाशी जाऊन थांबतं.

बंदुका खोट्या आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या शेजारच्या काकूंना मी हे सांगायला विसरले होते, आणि गॅलरीच्या कठड्यावर टॉवेलाशेजारी रॉकेलने धुतलेली बंदूक वाळत घातलेली पाहून त्या दोन दिवस माझ्याशी फार आदराने बोलत होत्या. एअरसॉफ्ट म्हणतात या बंदुकांना. दिसायला हुबेहूब, पण पोटात एक बॅटरी, एक मोटर आणि तीन चाकं. चाप ओढला की मोटर पहिलं चाक फिरवते, पहिलं दुसऱ्याला फिरवतं, दुसरं तिसऱ्याला. तिसऱ्याला दात अर्ध्याच अंगाला. ते दात दट्ट्याला मागे खेचतात, दात संपले की स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि हवेच्या धक्क्याने प्लॅस्टिकची गोळी सुटते. टीव्हीवरच्या मालिकांतले पोलीस आणि गुंड दोघेही माझ्याच टेबलावरून गेलेल्या बंदुका एकमेकांवर रोखतात. मी फणसवाडीची मुलगी. शिकले इलेक्ट्रॉनिक्स, लोअर परळच्या एका गाळ्यात रेडिओच्या तारांना कथिलाचा डाग द्यायचं काम केलं, गाळा बंद झाला तेव्हा लालबागच्या सासरच्या खोलीत मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करू लागले. बंदुका त्यामागून आल्या.

सगळा खेळ त्या तीन चाकांचा असतो. त्यांचे दात एकमेकांत किती रुतायचे, चाकाने दांड्यावर डावी-उजवीकडे किती हलायचं, हे त्या चकत्यांनी ठरतं. फार घट्ट झालं तर मोटर रडते, फार सैल झालं तर दात एकमेकांना खातात. मधली जागा केसाएवढी असते आणि ती हाताने, कानाने, धीराने शोधावी लागते. मला धीर कमी आणि हट्ट जास्त. पण या कामात हट्टही चालतो, असं मला त्या ऑक्टोबरात कळलं.

तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा सुनील आणि माझे सासरे, ज्यांना सगळी चाळ अण्णा म्हणायची. अण्णा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. शेकडो साचे एका छपराखाली धडधडत. त्या धडधडीने अण्णांचे कान नेले आणि संपाने बाकीचं. संप कधी सुरू झाला ते गिरणगावात सगळ्यांना सांगता येतं, संपला कधी ते कुणालाच सांगता येत नाही. अण्णांना परत कुणी बोलावलं नाही. मग त्यांनी रात्रपाळीचा वॉचमन, भायखळ्याच्या बाजारात हमाली, कुठल्याशा गोदामात राखण, असं काय काय केलं आणि एका टप्प्यावर तेही संपलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले होते, आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच बसलेले होते.

लग्नानंतर सुरुवातीला मी त्यांच्याशी ओरडून बोलायची. एकदा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "ओरडू नको गो. तोंड उघडून बोल, हळू बोल. ते ओठ वाचतत." साचेखात्यात आवाजच एवढा की सगळे कामगार एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत. मी ती भाषा शिकले. सासूबाई गेल्यावर घरात अण्णांशी नीट बोलू शकणारी मी एकटीच उरले. सुनीलला तेवढा दम नसायचा, तो दोन वाक्यांनंतर हात झटकायचा. मी मात्र फोडणी देता देता मान वळवून अण्णांना दिवसभराच्या चहाड्या सांगायची आणि ते खुसुखुसू हसायचे. माझे वडील मी शाळेत असताना गेले होते. अण्णा माझे कोण होते ते मला कुणाला समजावून सांगायची कधी गरज वाटली नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास अण्णा नाक्यावर बिडी आणायला गेले आणि एका टॅक्सीखाली येता येता वाचले. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून दमला होता. लोकांनी अण्णांना घरी आणून सोडलं. रविवारी नालासोपाऱ्याहून थोरले दीर, विलासदादा आले. दोघे भाऊ चहा घेत बोलले आणि ठरलं की दिवाळी झाली की अण्णांना गावी, मालवणकडे, पोचवायचं. गावचं घर बंद होतं, पण शेजारी चुलत भाऊ होता, जेवण तो देणार होता.

"इथे गाड्या बघतेस ना?" विलासदादा मला म्हणाले. "उद्या काय झालं म्हणजे? गावाला निदान शांत आहे."

"त्यांना सगळीकडेच शांत आहे," मी म्हणाले.

सुनीलने माझ्याकडे बघून मान हलवली. भाऊ वाईट नव्हते. दोघेही खरोखर घाबरले होते, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं. मला राग आला तो अण्णांचा. ठरलेलं त्यांना मीच ओठांनी सांगितलं. त्यांनी ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि नुसतं म्हणाले, "जातंय." जसं कुणी पाटावरून उठ म्हणावं आणि माणसाने उठावं. ज्या माणसाने संपात महिनोन्महिने पेज पिऊन मान खाली घातली नाही, त्याने एवढ्या सहज जातंय म्हणावं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की अण्णा जाणार नाहीत. कसं ते ठरवलं नव्हतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात परब आले. परबांचं दादरला दुकान आहे, शूटिंगला वर्द्या, काठ्या, बंदुका भाड्याने देतात. तोवर त्यांच्या एक-दोन बंदुका वायर तुटली म्हणून माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. या वेळी त्यांनी टॅक्सीतून गोणपाटात गुंडाळून डझनभर आणल्या.

"वहिनी, साउंडवाला जाम वैतागलाय. आता डायलॉग तिथेच रेकॉर्ड करतात ना, डबिंग नाय. हिरो काहीतरी हळू बोलतो आणि आपली बंदूक घर्रर्र. आवाज पायजेच नाय. दिवाळीच्या आधी शूटिंग आहे. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. "पण मला मदतीला माणूस आहे, त्याला सगळं दाखवून घ्यावं लागेल."

"कोण माणूस?"

मी गॅलरीकडे बोट केलं. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. परबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन बाधलंय. पण त्यांना घाई होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बंदुकीतली चाकांची पेटी उघडली, तिसरं चाक बाहेर काढलं आणि सरळ जाऊन अण्णांच्या तळहातावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढं ते चाक. अण्णांनी ते अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवलं, दातांवरून नख चालवलं, उन्हाकडे धरून पाहिलं. मग खुर्चीतून उठले. मला वाटलं बाथरूमला चालले. ते पलंगाखाली वाकले आणि गिरणीतून आणलेला पत्र्याचा डबा त्यांनी ओढून बाहेर काढला. त्यात स्क्रू ड्रायव्हर, कानशी, पान्हे होते, फडक्यात गुंडाळलेले. फडकं तेलकट होतं. म्हणजे मधल्या इतक्या वर्षांत कुणीतरी त्यांना तेल देत होतं.

पुढचे तीन-चार दिवस आमच्या खोलीला सणाची कळा आली. खाली कंदील करणारे बांबूच्या कामट्या सोलत होते, चकल्यांचं पीठ दळून आणायचं राहिलं होतं, आणि मी आणि अण्णा जेवणाच्या टेबलावर नाकाला नाक लावून बसलो होतो. चाकं कशी बसवायची ते अण्णांनी दाखवलं. दोन चाकांच्या दातांमध्ये बिडीच्या पुडक्याचा कागद सरकवायचा, चाक फिरवायचं, कागदावर वळ कसे उठतात ते पाहायचं. वळ सारखे उठले की बरोबर. मग कागद काढून घ्यायचा. कागदाएवढी जागा आपोआप राहते. मी आजही असंच करते आणि ज्यांना शिकवते त्यांनाही हेच दाखवते.

पहिली बंदूक तयार झाली. चाप ओढला तर तिची कुई खरंच गेली होती. एक मंद खुळखुळ तेवढी होती. मला हायसं वाटलं. परब नमुना म्हणून ती सेटवर घेऊन गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले. पेटी उघडली तर आत दळलेल्या रव्यासारखा धातूचा चुरा. मधल्या चाकाचे अर्धे दात साफ गेले होते.

"पहिल्याच सीनला," परब म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "वहिनी, बाकीच्या दुसऱ्याला देऊ का? वाईट वाटून घेऊ नका."

"शनिवारपर्यंत थांबा."

"टाइम नाय हो."

"शनिवारपर्यंत. नाही जमलं तर मी स्वतः उचलून दादरला आणून देते, टॅक्सीही माझी."

ते गेल्यावर मी दुसरी पेटी उघडली, जी अण्णांनी नुकतीच बसवली होती. चाकं बोटाने हलवली. ती हलत होती, जरा जास्तच. आधीही मला तसं वाटलं होतं, पण म्हटलं आयुष्य चाकांत गेलेल्या माणसाला आपण काय सांगायचं. आता मी एक चकती वाढवली आणि चाक घट्ट केलं. अण्णांनी माझा हात धरला.

"असां नको करू गो."

"का?" मी ओठांनी विचारलं.

"इतकी चिकटवलंस तर कापूस खंय जातलो?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. साचेखात्यात हवेत सतत कापसाची पिंज उडत असे. केसांत, नाकात, जेवणाच्या डब्यात आणि चाकांच्या दातांत. म्हणून तिथला फिटर चाकं कधीच पुरती घट्ट बसवत नसे, कागदाच्या वर आणखी थोडी जागा कापसाला सोडत असे. नाहीतर पिंज अडकून साचा बंद पडे. अण्णांच्या हातांनी ती जागा न सांगता सोडली होती. गिरणीचं छप्पर उतरलं होतं, साचे भंगारात गेले होते, आणि आमच्या टेबलावर या माणसाचे हात अजून कापसाची वाट पाहत होते.

हे मी त्यांना कसं सांगू, याचा मी बराच वेळ विचार केला. न सांगता गुपचूप चकत्या बदलता आल्या असत्या. पण मग ते नुसते बसवलेले म्हातारे झाले असते, ज्यांच्या हाती खेळायला काहीतरी दिलंय असे. ते मला नको होतं. मी त्यांच्या समोर बसले, पेटीचा बंद होणारा दुसरा अर्धा भाग उचलून दाखवला आणि हळू, ओठ मोठे करून म्हणाले, "अण्णा, ही पेटी बंद असते. इथे कापूस नाही."

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मी पुन्हा म्हणाले नाही. त्यांना समजलं होतं.

ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. जेवायला आले, भाताचे चार घास खाऊन पुन्हा गेले. सुनील कामावरून आला, खुर्चीकडे बघून म्हणाला, "बघ, उगीच त्यांना त्रास दिलास." मी चुरा झालेल्या पेटीतून दाताचे तुकडे चिमट्याने वेचत बसले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते, कारण डोळ्यांत पाणी असलं की चकत्या दिसत नाहीत.

नंतर मी या कापसाचा पुष्कळ विचार केला. आमच्या चाळीत आता नळाला दिवसभर पाणी असतं, तरी मी पहाटे उठून पिंप भरते. माझी आई फणसवाडीत अजून पाहुण्यांसाठी भात जास्त लावते, जिथे आता कुणी पाहुणा येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच भात फोडणीचा करून स्वतः खाते. गेलेल्या गोष्टीला माणूस मनातून निरोप देतो, हात मात्र तिची जागा राखून ठेवतात. यात हसण्यासारखं काही नाही. पण चाकं तर चालली पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी उठले तर टेबलाशी खरखर ऐकू आली. अण्णा देवापुढची चंदनाची सहाण घेऊन बसले होते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून चकती घासत होते. बाजारातल्या चकत्या त्यांना जाड वाटल्या होत्या.

"अण्णा, ती देवाची आहे," मी म्हणाले.

"देवाक चालता," ते म्हणाले आणि घासत राहिले.

मग जे काम झालं तसं मी पुन्हा कधी केलेलं नाही. गोळी लांब उडवायची नव्हती, म्हणून तिसऱ्या चाकाचे टोकाचे दोन दात आम्ही कानशीने उतरवले. त्यामुळे दट्ट्या कमी मागे जाई आणि पुढे येताना कमी आपटे. पण दात काढले की ते चाक आणखीनच एका अंगाला झुकतं आणि फिरताना थरथरतं. अण्णांनी अंगाच्या साबणाची नवी वडी घेतली, तिच्यात दाढीची दोन पाती समोरासमोर उभी खोचली, चाकातून सुई ओवली आणि ती सुई दोन्ही पात्यांच्या धारेवर ठेवली. चाक डुलत डुलत थांबे आणि जड बाजू खाली येई. त्या बाजूला कानशीचा एक हलका हात. पुन्हा पात्यांवर. पुन्हा कानशी. शेवटी चाक कसंही ठेवलं तरी जिथल्या तिथे राही. त्या साबणाने पुढे अंघोळ करायला सुनील घाबरत असे.

आवाजाची तर आम्ही वाटणीच करून घेतली. मला कुई ऐकू येई, म्हणजे चाकं घट्ट. पण बारीक खुळखुळ माझ्या कानाला लागत नसे, खाली कंदीलवाल्यांची हातोडी आणि रस्ता चालूच असे. अण्णा स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरत, टोक पेटीला टेकवत आणि डोळे मिटत. मी चाप ओढे.

"दुसऱ्यात कायतरी हलता," ते मूठ काढून सांगत. "माका दातात कळता."

मी पेटी उघडत असे आणि खरंच दुसऱ्या चाकाला अर्धी चकती कमी असे. मी कधी म्हणे, "अण्णा, अजून रडतेय," आणि ते सहाणेकडे वळत. ग्रीस घामासारखं ओघळे म्हणून आम्ही ते बशीत घालून माठाखाली गार ठेवत होतो. शुक्रवारी माझी बोटं ताठली होती आणि अण्णांच्या पुढच्या दातांना ठणका लागला होता, पण ते मूठ सोडायला तयार नव्हते. मी एकदा म्हणाले, आता पुरे, उद्या बघू. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

शनिवारी सगळ्या बंदुका दादरला गेल्या. धाकधूक होतीच. दोन दिवसांनी परबांचा फोन आला. "वहिनी, साउंडवाला मला विचारतो, बंदूक चालू झाली का? मी म्हटलं, अरे बाबा, सीन संपला." मग म्हणाले की गोदामात जुन्या आणखी पडून आहेत, दिवाळी झाली की पाठवतो. मी अण्णांना सांगितलं. ते फक्त "पाठवा म्हण" म्हणाले आणि कानशी पुसू लागले.

आता अण्णा नाहीत. त्यांनी शिकवलेलं दातात मूठ धरायचं मी करून पाहते, मला निम्मंच कळतं. पण त्या दिवाळीला ते होते, अंघोळ करून, नवा सदरा घालून, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून टेबलाशी बसलेले. परबांची नवी गोणी येऊन पडली होती. मी अण्णांच्या गावी जाण्याविषयी घरात एक शब्द काढला नव्हता. वाद घालून मी हरले असते.

विलासदादा दहाच्या सुमारास आले, खिशात दुपारच्या गाडीचं तिकीट घेऊन. सुनीलने माळ्यावरून अण्णांची पिशवी काढली. विलासदादा टेबलासमोर स्टुलावर बसले, ओठ मोठे करून म्हणाले, "अण्णा, चला. गाडी आसा."

अण्णांनी चाक नुकतंच पात्यांवर ठेवलं होतं. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. चाक डुलत राहिलं आणि विलासदादा त्याच्याकडे पाहत राहिले, मग सुनीलही पिशवी हातात धरून वाकून पाहू लागला. चाक थांबलं. अण्णांनी जड बाजूवर पेन्सिलीने ठिपका दिला आणि मगच मुलाकडे पाहिलं.

"माका सवड नाय रे," ते म्हणाले.

सुनीलने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. शाळेतून घरी यावं आणि संपातला बाप रिकामा बसलेला दिसावा, असं ज्यांचं लहानपण गेलं, ते दोघे भाऊ त्या चाकाकडे पाहत होते. अण्णा त्यांची वाट पाहत थांबले नाहीत. त्यांनी कानशी उचलली, एक हलका हात मारला आणि चाक पुन्हा पात्यांवर ठेवलं.